न शिकवलेले हात

लातूरच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या एका नर्सिंग कॉलेजनं मला फसवलं. बाळंतपण कसं करायचं ते न शिकवता मला बाळंतपणाच्या विषयात पास केलं. आणि माझ्या हातून कंधार तालुक्यातल्या एका बाईला फसवलं. त्या बाईला हे अजून माहीत नाही.

सगळं सांगते. मध्ये कोणी मला "शांत हो" म्हणू नये.

तपासणीचा दिवस होता. आमचं तिसरं वर्ष. नर्सिंग कॉलेजला हॉस्पिटल लागतं, खाटा लागतात, खाटांवर माणसं लागतात. आमच्याकडं इमारत होती, खाटा होत्या. माणसं नव्हती. वर्षभर गाद्यांवरचं प्लास्टिक निघत नसे. समिती येणार असं कळलं की निघायचं. त्या वर्षी प्राचार्या मॅडम वर्गात येऊन म्हणाल्या, "प्रत्येकीनं घरची माणसं आणायची. पेशंट म्हणून. ज्यांचे पालक नोकरीत आहेत त्यांनी आणू नका. ते बरं दिसत नाही."

म्हणजे गुरुजींच्या, वकिलांच्या, हापिसातल्या साहेबांच्या मुली सुटल्या. राहिलो आम्ही.

माझ्या घरी एकच माणूस होतं. माय.

माय नांदेडात बोहारीण आहे. डोक्यावर भांड्यांची पाटी, पाठीवर जुन्या कपड्यांचं गाठोडं. जुनं नेसूचं द्या, नवं पातेलं घ्या. लेकीच्या कॉलेजात जायचं म्हणून त्या दिवशी तिनं ठेवणीतली साडी नेसली होती. पहाटेच्या एसटीनं आली. केसांना तेल लावलेलं.

मॅडमनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ही चांगली आहे. चेहराच पेशंटचा आहे. हिला गरोदर बायकांच्या वॉर्डात टाका. तिथं कमी पडतायत."

मी म्हणाले, "मॅडम, माझे वडील नाहीत. मी लहान असतानाच गेले."

"तुझ्या वडलांना कोण विचारतंय? समिती पोट बघणार आहे."

एका ट्यूटरनं चादरीची घडी केली आणि मायच्या पोटावर बांधली. वरून पदर नीट सारखा केला. मग मॅडमचं लक्ष मायच्या गळ्याकडं गेलं. मोकळा गळा. त्यांनी टेबलाचा खण उघडला. आत काळ्या मण्यांच्या पोती होत्या, पुठ्ठ्याला लावलेल्या, बाजारातून आणल्या तशाच. त्यातली एक काढून त्यांनी मायच्या गळ्यात घातली. कपाळाला टिकली चिकटवली. विधवा बाईच्या गळ्यात. तिच्या लेकीसमोर. खणातून काढून.

मायचा हात गळ्याशी गेला आणि तिथंच राहिला. मी तोंड उघडलं. माय ओठ न हलवता म्हणाली, "गप. तुला इथून भायेर पडायचंय का न्हाई?"

मी तिच्या खाटेशी जाऊन उभी राहिले.

समिती आली. दोन सर आणि एक बाई. एका सरांनी मला विचारलं, "सिस्टर, बाळाचे ठोके बघितले?" मी फीटोस्कोप मायच्या पोटावर टेकवला. चादरीच्या घडीवर. कान लावला. चादरीतून काय ऐकू येणार? माझेच ठोके कानात वाजत होते. "नियमित आहेत, सर," मी म्हणाले.

मग त्या बाईंनी पोटावर हात ठेवला. ज्यानं एकदा गरोदर पोटाला हात लावलाय त्याला चादर कळतेच. त्यांची बोटं थांबली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मायकडं बघितलं. आता बोलतील, आता बोलतील, असं मला झालं. त्यांनी हात काढला, रुमालाला पुसला आणि पुढच्या खाटेकडं गेल्या.

सरांनी मायला विचारलं, "बाई, कितवा महिना?"

"सातवा, साहेब."

"आधीची मुलं?"

माय माझ्याकडं बघायला लागली. "येक हाय. लई शिकलेली हाय."

मॅडम हसल्या. "सर, ह्या बायकांचं काही खरं नसतं. दर वर्षी पोट, दर वर्षी विसर."

सगळे हसले. सरही हसले.

समितीची गाडी फाटकाबाहेर पडली तसं ट्यूटर ओरडली, "पोती काढा! एकूण एक परत द्या." मायचे केस आकड्यात अडकले होते. ट्यूटरनं पोत ओढून काढली. चार केस पोतीबरोबर गेले.

बसस्टँडवर माय मला म्हणाली, "येवढी वर्सं धंदा केला. गाठोडं घेऊन भांडं दिलं न्हाई असं कुणी केलं न्हवतं. आज पयल्यांदाच गाठोडं बांधून फुकट गेलं बघ." आणि हसली. मला तिच्या हसण्याचा राग आला. नांदेडची बस लागली आणि ती चढली. खिडकीत बसल्यावर तिनं पदर गळ्याभोवती गुंडाळून घेतला. उन्हाळ्याचे दिवस होते.

मी काही भोळी नाही. बोहारणीची पोर आहे. नांदेडातल्या श्रीनगरच्या बंगल्यांच्या पायऱ्यांवर मी घासाघीस शिकले. बाईनं साडी टाकली की उजेडात धरायची, मध्ये विरली आहे का बघायचं. गिऱ्हाईक दार लावायला निघालं तरी आपण उठायचं नाही. एकदा एका डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या, "एवढी तोंडाळ पोरगी, हिच्याशी लग्न कोण करणार?" मी म्हणाले होते, "लग्नाचं नंतर बघू, बाई. ह्या साडीवर पातेलं बसत न्हाई, वाटी घ्या."

नर्सिंगचं मी ठरवलं तेव्हा हे सगळं मला उपयोगी पडलं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, इंग्रजी लागतं. मी लातूरच्या क्लासला जाऊ शकले नाही. क्लासला गेलेल्या पोरींच्या जुन्या नोट्स जुने कपडे मिळवतात तशाच मिळवल्या. भांड्याच्या बदल्यात. सीईटी दिली. जातीचा दाखला, मग त्याची पडताळणी. कारकून म्हणाला, "आजोबांची शाळेतली नोंद आणा." आजोबा उमरीकडचे. निजामाच्या काळातले. शाळेच्या भिंतीला टेकायचीही त्यांना सोय नव्हती. मी म्हणाले, "साहेब, आजोबा शाळेतच गेले न्हाईत." तो म्हणाला, "मग जात सिद्ध कशी करणार?" उमरीच्या लोकांना आमची जात कळायला कधी कागद लागला नव्हता. तरी मी तो मिळवला. किती उंबरे झिजवले ते सांगत बसत नाही. मग तब्येतीचा दाखला. डोळे, छाती, रक्त, लसी. प्रवेश घेताना मला नखापासून केसापर्यंत तपासलं.

मी मात्र कॉलेज तपासलं नाही. जन्मभर दुसऱ्याचं कापड उजेडात धरलं, आणि इथं बोर्ड बघून भुलले. बोर्डावर पांढऱ्या टोपीतली नर्स होती. हसत होती.

पदवी पूर्ण करायला काय लागतं ते पहिल्याच वर्षी पाठ झालं होतं. वर्गात हजेरी लागते, प्रात्यक्षिकाला तर पूर्ण हजेरी लागते. इतक्या गरोदर बायका तपासायच्या, इतकी बाळंतपणं बघायची, इतकी स्वतःच्या हातानं करायची. मग परीक्षा. मग इंटर्नशिप. नियम चांगला आहे. ज्यानं केला त्याला ठाऊक होतं की बाळंतपण पुस्तकातून येत नाही.

आमची बस सरकारी दवाखान्यात जायची. खोटं सांगत नाही, जायची. पायऱ्यांवर उभं राहायचं, युनिफॉर्ममध्ये फोटो काढायचे, मोबाईलवर जागा दिसेल असे. मग बस परत. लेबर रूमचं दार मी चार वर्षांत बाहेरून बघितलं. मी एकदा बसमध्ये विचारलं, "आत कधी जायचं?" ट्यूटर म्हणाली, "तुला लई घाई. घरी पाळणा हलवायचाय का?" पोरी हसल्या. नोंदी वर्गातच भरल्या गेल्या. मॅडम फळ्यावर लिहायच्या, आम्ही उतरवायचो. सही करायची नसेल तर हजेरी लागणार नाही. बाहेरून परीक्षक आले तेव्हा बाहुलीतून बाहुली काढून दाखवली. ते जेवले आणि गेले. मला विषयात पहिला नंबर मिळाला.

पहिला नंबर.

इंटर्नशिपला कंधार तालुक्यातलं एक ग्रामीण रुग्णालय मिळालं. तिथल्या मुख्य सिस्टरला सगळे अक्का म्हणायचे. दुपारची वेळ होती. रिक्षातून एक बाई आली. तिची सासू बरोबर होती. बाईचं वय माझ्याएवढंच असेल. कळा जोरात. शेजारच्या टेबलावर अक्कांचा हात दुसऱ्या बाईत अडकलेला, ती गंभीर होती. अक्का मान न वळवता म्हणाल्या, "तू घे हिला. शेवटचं वर्ष ना तुझं?"

"हाव," मी म्हणाले.

दुसरं काय म्हणणार होते? अंगावर युनिफॉर्म होता.

त्या बाईनं माझं मनगट धरलं. "ताई, सोडू नका." डोकं दिसायला लागलं. मी पुस्तकातलं आठवत होते, आणि आठवत होतं ते फळ्यावरच्या अक्षरात. माझे हात पुढं गेले आणि कुठं ठेवायचे ते कळेना. बाळ आलं ते तिच्या कळांनी आलं. माझ्यामुळं नाही. रडलं. मला वाटलं, सुटले.

मग वार पडायची होती. थांबायचं असतं. थांबायचं असतं हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पण किती थांबायचं, पोटावर हात ठेवला की काय लागतं, नाळ हाताला कशी सांगते, हे कुणी दाखवलंच नव्हतं. बाहुलीची वार ओढली की यायची.

मी ओढली.

"ओढू नको!" अक्का ओरडल्या. तोपर्यंत रक्त आलं होतं. टेबलावरून फरशीवर. अक्कांनी मला खांद्यानं बाजूला ढकललं, एक मूठ त्या बाईच्या पोटावर दाबली आणि इंजेक्शन मागायला लागल्या. मी भिंतीला लागून उभी. कुणीतरी सलाईन लावलं. कुणीतरी अँब्युलन्सला फोन केला. बाई पांढरी पडत चालली होती आणि विचारत होती, "पोरगं हाय का पोरगी?" मी बघितलंच नव्हतं.

तिला नांदेडला नेलं. जाताना तिच्या सासूनं, नातवाला छातीशी धरून, माझा हात हातात घेतला. कपाळाला लावला. "शिकलेली पोरगी हुती म्हून वाचली माजी सून. तुज्या हाताला यश येवो, बाई."

अपमान मला नवा नव्हता. बंगल्यांच्या पायऱ्यांवर झाला, वॉर्डात झाला. पण त्या म्हातारीनं माझा हात कपाळाला लावला तसा अपमान माझा कुणी केला नाही. आणि तिनं तो मनापासून केला.

संध्याकाळी, दुसरी बाई मोकळी झाल्यावर, अक्कांनी हात धुतले. बराच वेळ धूत होत्या. मग म्हणाल्या, "चार वर्षं काय केलं गं?"

मी सगळं सांगितलं. पायऱ्यांवरचे फोटो. फळा. बाहुली.

"मग हाव कशाला म्हणालीस?"

मी युनिफॉर्मवरचं वाळलेलं रक्त नखानं खरवडायला लागले.

"बाई वाचंल. नांदेडहून निरोप आलाय, रक्त थांबलंय. पुढची वाचंलच असं न्हाई." त्या टॉवेलला हात पुसत होत्या. "माझ्या टेबलाला हात लावू नको आता. मला शिकवायला वेळ असता तर शिकवलं असतं. दोन टेबलं आन् मी एकली."

इंटर्नशिपचे उरलेले दिवस मी ओपीडीत चिठ्ठ्या फाडल्या.

लातूरला परत आले ती सरळ ऑफिसात गेले. त्या दिवशी कॉलेजात डोहाळजेवण होतं. संस्थेचे अध्यक्ष, त्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. प्राचार्या मॅडम त्यांच्या सूनबाई. व्हरांड्यात झोपाळा बांधलेला, त्याला झेंडूच्या माळा. लेक, म्हणजे सगळ्यांच्या ताई, फुलांचे दागिने घालून बसलेल्या. आमच्या खालच्या वर्गाच्या मुली युनिफॉर्ममध्ये जिलेबी वाढत होत्या. त्या दिवशीची प्रात्यक्षिकाची हजेरी तीच.

दादा आणि मॅडम आत होते. मी उभी राहूनच बोलले. बसा कुणी म्हटलं नाही.

"दादा, मला लेबर रूम पाहिजे."

"काय?"

"कॉलेजनं द्यायचं कबूल केलं होतं ते. सरकारी दवाखान्याच्या लेबर रूममध्ये पोस्टिंग. शिकवणाऱ्या सिस्टरसकट. मला आणि माझ्या सगळ्या वर्गाला. तोवर कोर्स पूर्ण झाल्याच्या कागदावर मी सही करणार नाही."

मॅडम म्हणाल्या, "अगं, निकाल लागला. इंटर्नशिप झाली. आता कसली पोस्टिंग?"

मी कंधारचं सांगितलं. रक्ताचं सांगितलं. मॅडमनी दार लोटून घेतलं, बाहेर गाणी चालू होती. मग म्हणाल्या, "त्या नोंदींखाली तुझी सही आहे. बोंबललीस तर आधी तू अडकशील. पदवी जाईल. घाल मग पाटी डोक्यावर."

दादा तसे गोड बोलणारे. त्यांनी मॅडमना हातानं थांबवलं. "पोरगी हुशार आहे. आईनं कष्टानं शिकवली. असं कर, तू इथंच राहा. ट्यूटर म्हणून घेतो तुला. बाळंतपणाचाच विषय घे."

"मी काय शिकवू, दादा?"

"तुला शिकवलं तेच शिकव."

त्यांना वाटलं मी विचार करतेय. मी भाव करत होते. मी खिडकीतून झोपाळा बघितला.

"ठीक आहे, दादा. सौदा करू. मी नोकरी घेते. सही करते. तोंड शिवते. एकच अट."

"बोल ना."

"ताईंचं बाळंतपण इथं करा. आपल्याच हॉस्पिटलात. कागदावर लेबर रूम आहे, टेबल आहे. आणि विषयात पहिली आलेली मी आहे. माझ्या हातानं करते."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "जीभ आवर! ताईंचं नाव मोठ्या डॉक्टरांकडं घातलंय."

"का? इथं काय कमी आहे?"

दादांचा चेहरा बदलला. सगळा गोडवा उतरला. "तुझी लायकी काय गं, बोहारणीच्या? माझ्या लेकीला हात लावायची?"

"तेच विचारायला आलेय, दादा. मला पास करताना काय होती?"

त्यांनी वॉचमनला हाक मारली. मी स्वतःच बाहेर पडले. ताईंनी मला झोपाळ्यावरून विचारलं, "जिलेबी घेतलीस का?" त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांना सुखरूप बाळ व्हावं. चांगल्या हातांनी व्हावं.

त्या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. मी विद्यापीठाला लिहिलं, नर्सिंगच्या परिषदेला लिहिलं. माझ्या नावाच्या नोंदी खोट्या आहेत, मी एकही बाळंतपण शिकून केलेलं नाही, असं स्वतःच्या सहीनं लिहिलं. कागद पुढं गेला म्हणतात. कुठं ते सांगत नाहीत. सरकारी दवाखान्यात जाऊन म्हणाले, मला लेबर रूममध्ये उभं राहू द्या, शिकू द्या, फरशी पुसते. सही केल्याशिवाय नर्सचं रजिस्ट्रेशन होत नाही, आणि तिथले साहेब म्हणाले, "रजिस्ट्रेशन नसेल तर आत येता येणार नाही." मी विचारलं, "आणि असलं तर?" ते म्हणाले, "असलं तर शिकायचं काय राहिलं?"

माय माझ्याशी धड बोलत नाही. "सही कर न् मोकळी हो," म्हणते. "मी तसली पोत गळ्यात घालून घेतली ती तुला घरी बसवायला का?" सकाळी मी तिच्याबरोबर पाटी घेऊन निघते. श्रीनगरमध्ये एक बाई म्हणाली, "तू तर नर्स होणार होतीस ना?" मी तिची साडी उजेडात धरली.

वर्गातल्या बाकीच्या पोरींनी सह्या केल्या. कोणी पुण्यात आहे, कोणी हैदराबादला. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्याही घरी चुली आहेत. परवा त्यातल्या एकीचा फोन आला. दबक्या आवाजात, बाथरूममधून. "वार पडूनच नाही राहिली गं. मोठी सिस्टर वरच्या मजल्यावर हाय. तू केलंयस ना कंधारला? काय करू?" मला एवढंच येत होतं, तेवढं सांगितलं. "ओढू नको. धावत जाऊन सिस्टरला आण." फोन बंद झाला. पुढं काय झालं ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मला धीर झाला नाही.

अशा आम्ही एक वर्गभर आहोत. मागच्या वर्गाच्या आहेत, पुढच्या वर्गाच्या येतायत. ह्या आठवड्यात कुठल्यातरी टेबलाशी आमच्यातली कोणीतरी उभी असेल आणि तिचं मनगट कोणीतरी धरलं असेल.

मी सही करणार नाही. पदवी गेली तर जाऊ द्या. खोट्या नोंदींची शिक्षा मला होणार असेल तर ती मी घेईन, पण एकटी घेणार नाही. ज्यांनी फळ्यावर लिहिलं त्यांना माझ्या शेजारी उभं करीन. ज्यांनी मार्क दिले, ज्यांचा हात पोटावर थांबला आणि तरी ज्या पुढं गेल्या, त्यांनाही. तालुक्या-तालुक्याला जाऊन सांगेन. गप्प बसायला मला आता कोणी काही देऊ शकत नाही.

आणि दादा, तुम्ही त्या दिवशी वॉचमनला बोलावलंत, उत्तर दिलं नाहीत. मी परत विचारते, सगळ्यांसमोर विचारते. जे हात तुमच्या लेकीला चालत नाहीत, ते कंधारच्या लेकीला चालतील हे कुणी ठरवलं? नाव सांगा. तुम्ही ठरवलं असेल तर तसं सांगा.

उत्तर द्या.